गोदूताईंचं गृहीत मूल्य

या, पुढे सरकून बसा, मागच्यांनाही जागा होऊ द्या. चंद्रावरच्या एका वस्तीत देव कुठे दडून बसला होता, ते आज ऐकवायचं आहे.

त्या वस्तीचं दार आणि हवा, दोन्ही ‘प्राणपाल’ नावाच्या जावा प्रोग्रॅमच्या हाती. तो सुरू होताना एकदाच मांडणी-फाइल वाचायचा. तीत लिहिलं होतं, माणसं तीस. तिसांपुरतीच हवा सोडायची, त्यावर कुणी आलं तर आतलं दार उघडायचं नाही.

त्या दिवशी शेजारच्या वस्तीचा घुमट फुटला. तिथली अकरा माणसं कशीबशी पळत आली आणि दोन दारांमधल्या दालनात अडकली. तिथं हवा नाही. पोशाखात उरली असेल तेवढीच. त्यांत अभियंता रेणुका टिळेकरचा धाकटा भाऊ भालू होता. काचेआडून तो तिला हसून दाखवत होता, त्यानं तिला जास्तच भडभडून येत होतं. पहारीनं दार उचकटायच्या प्रयत्नात तिची बोटं सोलली होती.

“फाइलीत एक्केचाळीस लिही ना,” वस्तीप्रमुख खांडकेकाका म्हणाले.

“फाइल मोहोरबंद चकतीवर आहे, काका. वाचता येते, लिहिता येत नाही.”

“मग?”

“चकती काढून प्रोग्रॅम पुन्हा सुरू करायचा. फाइल सापडली नाही, की तो पोटातलं गृहीत मूल्य घेतो. लिहिणाऱ्यानं आधीच घालून ठेवलेलं.”

“ते किती?”

“प्रोग्रॅमचं मूळ लिखाण पृथ्वीवर, आणि संपर्क तुटलेला. बहुतेक जण शून्य घालतात.”

“म्हणजे आपलीही हवा बंद.” काकांनी काचेआडच्या भालूकडे बोट केलं. “भाऊ तुझा, आणि पणाला तीस जण?”

रेणुका काचेकडे वळली. काचेपलीकडे एक बाई भिंतीला टेकून खाली बसली. भालूचं हसू थांबलं.

“काका, प्राणपाल गोदूताईंनी लिहिला ना?”

“हो. गेल्या बिचाऱ्या. त्याचं काय आता?”

“कीर्तनानंतरचा शिरा त्या कसा करायच्या?”

“ही वेळ आहे का शिऱ्याची?” काका चिडले. मग हळूच म्हणाले, “माणसं मोजू द्यायच्या नाहीत. कोण यायचंय ते आपल्याला काय ठाऊक, म्हणायच्या. पातेलं काठोकाठ. मी ओरडायचो, रवा संपेल म्हणून.”

“ती बाई हवेला शून्य लिहील?”

काकांनी ध्वनिवर्धकावर सगळ्यांना विचारलं. जो तो आधी डोक्यावरच्या पंख्याकडे बघत राहिला. मग स्वयंपाकघरातून आवाज आला, “काढा.”

चकती निघाली. पंखे थांबले. रेणुकानं डोळे मिटून पांडुरंगाला हाक मारली.

मग पंखे पूर्ण जोरानं फिरले. पडद्यावर अक्षरं उमटली: संख्या सापडली नाही. क्षमतेएवढी हवा. दार उघडं.

फाइलच नव्हती, तेव्हा प्राणपालानं एकूण एक मूल्य ताईंचंच घेतलं. भोंग्याचंसुद्धा. कर्कश इशाऱ्याऐवजी झांज वाजली आणि वस्तीभर ताईंचा आवाज घुमला, “या, पुढे सरकून बसा, मागच्यांनाही जागा होऊ द्या.”

भालू धडपडत आत आला, त्याच्यामागून बाकीचे. भिंतीला टेकलेली बाई मात्र उठली नाही. हौसा वाळके तिचं नाव.

शिऱ्याचं पातेलं चढवताना गोदूताई आठवतीलच तुम्हाला. हौसाची आठवण मुद्दाम ठेवा. दार तिच्यासाठीही उघडंच लिहिलेलं होतं. आतल्यांना ते ओळखायला उशीर झाला.