शेजारच्या सीटचा पट्टा

डार्ला सॉर्वारीने आयुष्यात पहिल्यांदा कोरी गाडी घेतली ती सप्टेंबरात. जुनी व्हॅन हिवाळ्यात बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं मीठ खाऊन खाऊन तळापासून गंजली होती, आणि गाडी नाही तर धंदा नाही. पियानो सुरात लावणं हा तिचा धंदा. सकाळी कॅनडाच्या सीमेजवळच्या टॉवर गावातून निघायचं, लोखंडाच्या खाणींच्या पट्ट्यातली चर्चेस, शाळा, कुणाकुणाच्या बैठकीच्या खोल्या करायच्या आणि अंधार पडायच्या आत घरी. हत्यारांची पिशवी शेजारच्या सीटवर, थर्मास दाराच्या कप्प्यात.

ऑक्टोबरात एम्बॅरस गावच्या लुथरन चर्चकडे जाताना घंटी वाजायला लागली. शेजारच्या प्रवाशाने पट्टा लावलेला नाही, असं गाडीचं म्हणणं होतं. डार्लाने गाडी कडेला घेतली, पिशवी मागे टाकली आणि पुन्हा निघाली. घंटी वाजतच राहिली. तिने रिकाम्या सीटवर हात फिरवून पाहिला. कापड गार होतं. घंटीचा स्वर पियानो लावताना आधाराला धरायच्या 'ए' सुरापेक्षा किंचित उतरलेला होता आणि घंटीपेक्षा तेच तिला जास्त खुपलं.

हिबिंगच्या शोरूममध्ये ग्रेडी नावाचा मेकॅनिक होता. लाल दाढीचा, सावकाश बोलणारा.

"सीटवर काही ठेवत असाल," तो म्हणाला.

"काही नाही."

"पर्स? चर्चच्या जेवणाला न्यायचं हॉटडिशचं भांडं? लोक काय काय ठेवतात आणि इथे येऊन भांडतात."

"रिकामी सीट आहे, ग्रेडी."

सीटखाली वजन जोखणारी पट्टी असते, ती त्याने वॉरंटीत बदलून दिली. परतीच्या वाटेवर माउंटन आयर्न गाव मागे पडायच्या आत घंटी पुन्हा वाजली.

तिचा भाऊ वेंडेल समोरच्याच घरात राहायचा. खाणीतून निवृत्त झालेला, एकटा. तिच्या तक्रारीवर त्याने कॉफीचा कप खाली ठेवला आणि समाधानाने मान हलवली.

"लिंबू पडलंय तुझ्या पदरात. लिंबू."

बिघडकी नवी गाडी म्हणजे लिंबू, आणि त्यासाठीच्या कायद्याचं नावही इथे तेच.

"तोच बिघाड, चार वेळा दुरुस्ती," वेंडेल म्हणाला. "तरी जमलं नाही तर कंपनीला शेवटची एक संधी. मग गुपचूप गाडी परत घ्यायची आणि नवी द्यायची. फक्त दर वेळी नेऊन दाखवायचं. घरच्या घरी काही उपाय करायचे नाहीत, नाहीतर म्हणतील बिघाड नव्हताच."

"आणि तोवर हीच चालवायची?"

"मग काय, पियानो तुझ्याकडे चालत येणार आहेत?"

दुसऱ्या खेपेला त्यांनी अख्खी सीटच बदलली. जुनी सीट वर्कशॉपच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून ठेवली होती. ग्रेडीने एकट्याने गाडी गावभर फिरवून आणली. घंटी वाजली नाही. मग तो डार्लाला म्हणाला, "तुम्ही चालवा. मी मागे बसतो."

फाटकाबाहेर पडताच घंटी सुरू झाली. सिग्नलला ग्रेडी पुढे वाकला.

"तो वरचा दिवा बघा," तो म्हणाला. "पुढे लहान मूल बसलं की त्या बाजूची एअरबॅग आपोआप बंद होते. तेव्हाच तो लागतो."

"मूल कुठे आहे?"

"मशीनला वाटतंय, इतकंच." त्याने रिकाम्या सीटकडे पाहिलं. "पुढे येऊन बसू? माझ्या वजनाने कदाचित थांबेल."

तिने गाडी थांबवली. ग्रेडी उतरला, पुढचं दार उघडलं आणि दार धरून तसाच उभा राहिला. मग त्याने ते हळूच लावलं आणि मागे जाऊन बसला.

"नको," तो म्हणाला. "मागेच बरं आहे."

नोव्हेंबरात बर्फ पडला. इली गावच्या शाळेकडे जाताना घंटीने तिचं डोकं उठवलं आणि तिने इथले सगळे करतात तेच केलं. वेंडेल आपल्या ट्रकमध्ये कुत्र्यासाठी करतो, शेजारीण किराण्याच्या पिशव्यांसाठी करते. उजवीकडे वाकून तिने रिकाम्या सीटचा पट्टा ओढला आणि खटकन लावून टाकला.

घंटी थांबली. काचेवर बर्फ आपटत होता, तेवढाच आवाज. डार्लाला हायसं वाटलं. नकळत तिने ओठ मिटून 'ए' लावला, कामाला बसण्याआधी लावायची तसा.

पट्टा सीटच्या पाठीला चिकटून बसला नव्हता. मध्ये वीतभर जागा सोडून तो तरंगत होता. नवा आहे, ताठ आहे, असं तिने स्वतःला सांगितलं.

त्यानंतर तिची अंगठी सैल झाली. भांडी घासताना ती बोटातून निसटली. कोट खांद्यावरून ओघळायला लागला.

"अगं, खातेस की नाही?" वेंडेल म्हणाला. "वाऱ्याने उडालीस तर मला कॅनडात शोधायला यावं लागेल."

दवाखान्यात सगळ्या तपासण्या चांगल्या निघाल्या. नर्सने वजनाच्या काट्यावर दोनदा टकटक केलं, पुन्हा उभं राहायला सांगितलं, आणि शेवटी काटा बिघडलाय म्हणून डार्लाने सांगितलेलं जुनं वजनच लिहून घेतलं. डार्लाने तिला थांबवलं नाही.

डिसेंबरात एम्बॅरसच्या चर्चमध्ये ती पियानोच्या पोटात डोकं घालून काम करत होती. पास्टर आत आले, गाभाऱ्यापासून दारापर्यंत एकेक दिवा विझवत गेले आणि बाहेरून कुलूप लावून निघून गेले. ती हाका मारत होती. नंतर त्यांनी फार माफी मागितली. म्हणाले, बाहेर तुमची गाडी दिसली, पण गाडीत कुणी बसलेलं होतं, मला वाटलं तुम्हीच निघालात.

मागच्या दाराने ती बाहेर पडली तेव्हा ताजा बर्फ घोट्याच्या वर होता. गाडीपाशी पोचल्यावर तिने वळून पाहिलं. दारापासून गाडीपर्यंत पाखरू चालून जावं तेवढेच ठसे होते.

तिसऱ्या खेपेला एअरबॅगचा दिवा विझलेला होता.

"सुधारलं म्हणायचं?" तिने विचारलं.

ग्रेडीने मान हलवली. "मूल असलं तर दिवा लागतो. मोठं माणूस असलं तर विझतो." त्याची नजर पट्ट्याकडे गेली. "हा कोणी लावला?"

"मीच. घंटी बंद व्हावी म्हणून. सगळेच लावतात."

"सगळेच लावतात," तो म्हणाला. "पण सगळ्यांच्या सीट रिकाम्या असतात. पट्टा लावला म्हणजे तिथे माणूस आहे हे तुम्ही मान्य केलंत."

"कोणाशी मान्य केलं?"

"मशीनशी," तो म्हणाला, पण मशीनकडे न बघता.

त्याने तारा बदलल्या. चौथ्या खेपेला गाडीचा मेंदूच बदलला. काही फरक पडला नाही. जानेवारीत कंपनीने शेवटच्या संधीसाठी मिनियापोलिसहून आपला माणूस पाठवला, लॉफ्टन नावाचा, स्वच्छ बूट घातलेला. मांडीवर कॉम्प्युटर घेऊन तो मागे बसला आणि डार्लाने त्याला गावाभोवती फिरवून आणलं. रस्ताभर त्याची बोटं चालू होती.

"सोपं आहे, मॅडम," परत आल्यावर तो म्हणाला. "दोन्ही सीटच्या वजनांची बेरीज कायम तीच येते. इकडे जेवढं वाढतं तेवढंच तिकडे घटतं. कुठेतरी तारा एकमेकींना लागल्यात."

"तारा बदलल्या," ग्रेडी म्हणाला.

"मग पुन्हा लागल्या असतील." त्याने कॉम्प्युटर मिटला. "कंपनी वाद घालणार नाही. सोमवारी ही इथे सोडा, नवी घेऊन जा."

तो गेल्यावर डार्ला जागची हलली नाही.

"ग्रेडी, या गाडीचं पुढे काय होतं?"

"लिंबू असा शिक्का बसतो आणि लिलावात जाते. बहुतेक दुसऱ्या राज्यात. कुणीतरी स्वस्तात घेतं." त्याने हात पुसले. पुसून झालेले हात पुन्हा पुसले. "गाडी द्यायच्या आधी तो पट्टा सोडा. देताना सीट रिकामी असू दे. जे तुमचं आहे ते घेऊन उतरा."

वाटेत ती त्याच वाक्याचा विचार करत होती. गाडी गेली की सीटही जाणार. सीटमध्ये एवढ्या महिन्यांत जे साठलं तेही जाणार, कुठल्यातरी दूरच्या गावात, कुठल्यातरी परक्या माणसाच्या शेजारी बसून. आणि इकडे नव्या गाडीत बसायला जे उरेल ते किती असेल, हे कुठल्याच काट्याने तिला सांगितलं नव्हतं. पट्ट्याच्या खटक्यावर तिने दोनदा बोट ठेवलं आणि दोनदा काढून घेतलं.

रविवारी दुपारी वेंडेलचा फोन आला. तो तळ्यावर होता, मासे धरायच्या आपल्या खोपटात, आणि शेगडीचा गॅस संपला होता.

"सिलिंडर घेऊन ये. बोटं गळून पडली तर सूपात टाकेन आणि तुलाच वाढेन."

व्हर्मिलियन तळं किनाऱ्यापासून किनाऱ्यापर्यंत गोठलं होतं. नाताळातली टाकून दिलेली झाडं दोन्ही बाजूंनी बर्फात रोवून गाड्यांसाठी रस्ता आखलेला होता. आभाळ स्वच्छ, ऊन पांढरं. किनारा सोडताना डार्लाने लहानपणापासून शिकवलेलं सगळं केलं. खिडक्या उघडल्या. आपला पट्टा सोडला. बर्फ फुटलाच तर पट्ट्यात अडकून तळाशी जाऊ नये, म्हणून तळ्यावर कुणीच पट्टा लावत नाही.

खोपटांच्या निम्म्या वाटेवर तिच्या लक्षात आलं की घंटी वाजत नाहीये.

चालकाने पट्टा सोडला की घंटी वाजतेच. गेल्या महिन्यातही तळ्यावर वाजली होती. तिने आसनावर जोर देऊन बसायचा प्रयत्न केला. स्प्रिंग दबली नाही.

शेजारचा पट्टा लावलेला होता. तो आता तरंगत नव्हता. छातीवरून जावा तसा गोलाई घेऊन गेला होता.

तळ्यावर सगळ्यांचे पट्टे सोडायचे असतात. सोबत्याचेही. लहानपणी वडील दर वेळी विचारायचे, सगळ्यांचे सोडले ना?

तिने हात लांब केला आणि खटका दाबला.

पट्टा सावकाश मागे गेला. कुणीतरी हाताने सोडत असल्यासारखा.

घंटी सुरू झाली. शेजारच्या सीटसाठी. या वेळी तिचा स्वर अगदी अचूक 'ए' होता.

डार्लाने खोपटापाशी गाडी थांबवली. वेंडेल बाहेर आला, नाक लाल, मिशांवर बर्फ. तो गाडीला वळसा घालून तिच्याकडे आला नाही. शेजारच्या उघड्या खिडकीशी वाकला.

"किती वेळ," तो त्या सीटला म्हणाला. "सिलिंडर मागे आहे ना?"

"वेंडेल," डार्ला म्हणाली.

त्याने ऐकलं नाही. तो अजून तिकडेच बघत होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर बरं वाटल्याचं हसू होतं.

"चांगली दिसतेस हं. अंगावर मांस आलंय पुन्हा." मग त्याची नजर वर उठली, डार्लावरून पलीकडे तळ्यावर गेली, आणि परत फिरली. कपाळावर एक आठी आली. "एकटीच आलीस? मग गाडी कोणी चालवली?"

शेजारच्या सीटवर ओठ मिटून कुणीतरी हळूच 'ए' लावला.

"बरं, आत चल, मग सांग," वेंडेल म्हणाला. त्याने शेजारचं दार उघडलं आणि हात पुढे केला. "सांभाळून. निसरडं आहे."

गाडी त्या बाजूने किंचित वर उठली, माणूस उतरल्यावर उठते तशी.

घंटी थांबली. गाडीच्या हिशेबी आता आत कुणीच नव्हतं.