रणगाड्यावरची माती

आप्पासाहेब विरकर ऑफिसात आले ते काचेची पेटी छातीशी धरूनच. खुर्ची पुढं केली तरी पेटी खाली ठेवायला ते तयार होईनात.

उत्कर्षा पिसाळचं ऑफिस कराडच्या बसस्थानकामागं, झेरॉक्सच्या दुकानावर होतं. होणाऱ्या जावयाची माहिती काढा, नवऱ्यावर नजर ठेवा, असली कामं तिच्याकडं फार. तिचा मदतनीस दादासो, पोलिसातून निवृत्त झालेला हवालदार, त्याला ‘लग्नाळू खातं’ म्हणायचा. पेटी घेऊन आलेला माणूस बघून त्याला हुरूप आला, आणि पेटीत काय आहे ते दिसल्यावर तो लगेच ओसरला.

“खेळणं हाय की वो हे.”

“खेळणं न्हाई,” आप्पासाहेब म्हणाले. “माझ्या पोराचा रणगाडा हाय. म्हंजी हुता. हा त्यो न्हवं.”

त्यांचा इंद्रजित सैन्यात रणगाड्याचा चालक होता. दोन वर्षांपूर्वी सरावाच्या मैदानावर गाडी कालव्यात कलंडली. तोफ चालकाच्या डोक्यावरच्या झाकणावर आडवी आली, झाकण उघडलं नाही. बाकीचे वाचले, इंद्रजित गेला. त्याआधीच्या शेवटच्या सुट्टीत त्यानं स्वतःच्याच रणगाड्याची प्रतिकृती जोडली होती, खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्श्याची. त्याच मैदानावरची माती पुडीत बांधून आणली होती आणि तीच तिच्यावर लावली होती.

“मी स्वतः फौजेत ट्रक चालवला, ताई. नवरात्रात घट बसत्यात म्हणून मी एकटाच म्हसवडकडं गावाला गेलो, दसरा करून आलो. पेटीपाशी गेलो तर गाडी कोरी करकरीत. मातीचा कण न्हाई. त्याच्या यंदाच्या श्राद्धाला ही गाडी गावच्या शाळंत ठिवायची ठरलीया. मी तितं काय ठिवू? कुणाचं तरी डुप्लिकेट?”

“कुणी पुसली असंल,” दादासो म्हणाला.

“सांगलीचे दिग्विजय आरवाडे म्हणत्यात, पुसून जात न्हाई. असल्या गाड्यांची पारख करणारा माणूस हाय त्यो. मागं येऊन बघून गेल्ता, आता परत बोलावला. नुसतं बघून म्हणाला, ही दुसरी हाय.”

“संशय कुणावर?”

आप्पासाहेबांनी खिडकीबाहेर बघितलं. “प्रबुद्ध सरतापे. इंद्र्याचा जिगरी. असलीच गाडी त्यो बी जोडतोय. मी गावाला असताना घरी येऊन गेलाय. पोलिसात भरती झालाय, कागदपत्रांची तपासणी चाललीया. सोमवारी मी तक्रार देणार.”

तक्रार म्हणजे त्या पोराची नोकरी गेली, हे दादासोला कुणी सांगायची गरज नव्हती.

“एक अट हाय,” पेटी अखेर टेबलावर ठेवून उठताना आप्पासाहेब म्हणाले. “माझ्या मंडळींना यातलं कायबी विचारायचं न्हाई. तिला म्या सांगितलंच न्हाई. पेटीची काच बदलायला नेतो म्हणालोय. पोराची शेवटची वस्तू गेली म्हणून कळलं तर ती बाई जगायची न्हाई.”

उत्कर्षानं शब्द दिला. असले शब्द ती सहसा देत नसे.

मलकापुरातलं विरकरांचं घर नीटनेटकं होतं. अंगणात बुलेट उभी, हँडलला झेंडूचा वाळका हार. पडवीत ओळीनं कुऱ्हाड, विळा, नटबोल्टचे पाने, ड्रिल मशीन आणि वाडवडलांची लोकर कातरायची कातर. सगळ्यांवर हळदीकुंकवाची बोटं अजून होती. खंडेनवमीची पूजा या घरात अगदी मनापासून होत असावी. एकही अवजार सुटलं नव्हतं.

आप्पासाहेबांच्या मंडळींनी, येसूबाईंनी, गूळपाणी आणलं. बाई कमी बोलणाऱ्या. उत्कर्षानं वचन पाळलं आणि फक्त गुळाचा खडा छान आहे म्हणाली.

आतल्या खोलीत इंद्रजितचा फोटो होता, त्याखाली पेटीची रिकामी जागा.

“किल्ली कुठं असते?”

“देव्हाऱ्यात, देवांच्या टाकांच्या मागं,” आप्पासाहेब म्हणाले. “प्रबुद्धला म्हाईत हाय. घरचाच हुता त्यो.”

“त्याला तुम्ही काय म्हणालात?”

“फाटकातनंच परत लावला. मंडळी देवळात गेल्या हुत्या तवा.”

बाहेर पडल्यावर दादासो म्हणाला, “पोरगंच हाय ओ. घर म्हाईत, किल्ली म्हाईत, तसलीच गाडी त्याच्याकडं. आमच्या ठाण्यात ही केस जेवायच्या आधी मिटली असती.”

“म्हणून तर तुमच्या ठाण्यातनं लोक माझ्याकडं येतात.”

प्रबुद्ध सरतापे त्याच्या खोलीत, अर्धवट जोडलेल्या रणगाड्यासमोर बसलेला भेटला. त्यानं तो लपवला नाही.

“इंद्र्याचीच गाडी परत करून बघतोय. जमंना. त्याच्यासारखा हात नाही माझा.” त्यानं मोबाईलमधला जुना फोटो दाखवला. मातकट रणगाडा, डावीकडचं पुढचं मडगार्ड चेपलेलं. “ही चेप खऱ्या गाडीला होती. शेडच्या खांबाला घासली म्हणून साहेबांच्या शिव्या खाल्लेल्या त्यानं. प्लास्टिक मागून घासून पातळ केलं, मग गरम करून दाबलं.”

“नवरात्रात त्या घरी गेला होतास?”

“अष्टमीला. काकीनं बोलावलं होतं जेवायला. मापं घ्यायला पेटी उघडली, परत लावली. माती होती तेव्हा. मॅडम, त्या घरात मला कधी वेगळं ताट वाढलं नाही कुणी. आता आप्पा मला फाटकातनं परत लावतात. इंद्र्या गेला तेव्हा एवढं वाईट वाटलं नव्हतं असं म्हणणार होतो, पण ते खोटं होईल. तेवढंच वाटतंय.”

दादासोनं घसा साफ केला.

“त्यानं रंग कोणता वापरला होता?” उत्कर्षानं विचारलं.

“रंग पक्का, ऑइलचा. माती मात्र नुसती पाण्यात कालवून. सगळे वरून वार्निश मारतात, माती निघू नये म्हणून. त्यानं मला मारू दिलं नाही. वार्निशनं माती चमकते, खोटी दिसते म्हणायचा.”

सांगलीला दिग्विजय आरवाडेंच्या दिवाणखान्यात भिंतभर कपाटं होती आणि कपाटांत तोफा, जीपा, रणगाडे. माणूस प्रेमानं बोलणारा, पण स्वतःचंच ऐकणारा.

“किट कुठल्या कंपनीचं, हे लोक आधी विचारतात. ते दुय्यम. न जोडलेलं जुनं किट कधी कधी जोडलेल्यापेक्षा महाग जातं, कारण वाईट हातानं ते अजून बिघडवलेलं नसतं. जोडलेल्याची किंमत हातात असते. प्लास्टिकवर साच्याची रेघ राहिली का, सांधे दिसतात का, ते बघायचं. चेन बघायची. खरी चेन जड असते, वरून चाकांवर सैल पडते. नवशिक्याची ताठ राहते. आणि शेवटी माती. अहो, त्या पोरानं काय माती लावली होती! चालक जिथं हात टेकून आत उतरतो तेवढीच जागा पुसट. हे फक्त रोज उतरणाऱ्यालाच सुचणार. मी मागाल ती किंमत देतो म्हणालो, आप्पासाहेबांनी मला चहा न देताच घालवलं.”

उत्कर्षानं पेटी त्यांच्यापुढं ठेवली. “आणि ही?”

“ही सपाट. मडगार्डखाली, चाकांच्या बेचक्यात पिवळट डाग, बघा. रंग नीट न धुतलेल्या ब्रशचं काम. एरियल मोडलेली. नवशिक्याची.”

“साच्याची रेघ दाखवा.”

त्यांनी भिंग लावलं. बराच वेळ फिरवलं. “दिसत नाही.”

“सांधे?”

“बरे आहेत. डावं मडगार्डही मुद्दाम चेपलंय.”

“चेन?”

“सैल आहे.” आरवाडेंचा आवाजही आता सैल झाला होता.

“हे चालकाचं झाकण हलतं का?”

त्यांनी नखानं चाचपलं. “बिजागरी केलीय. केसाएवढ्या तारेची. पण वर तोफ आली की उघडत नाही. खऱ्यालाही असंच असतं.” त्यांनी भिंग खाली ठेवलं. “पण माती? वार्निशखालची माती जाईल कशी?”

“वार्निश होतं हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

“सगळेच मारतात,” आरवाडे म्हणाले.

परतीच्या वाटेवर दादासो एकदम म्हणाला, “म्हंजी हे आरवाडेच चोर! किंमत पाडायला खोटं बोलले.”

“ते खोटं बोलले नाहीत, दादासो. चुकले. शहाण्या माणसाच्या बाबतीत या दोन्हींतला फरक ओळखणं अवघड जातं.” कराडला गाडीतून उतरताना ती म्हणाली, “या प्रकरणात चोर नाही. असता तर बरं झालं असतं.”

रविवारी दुपारी विरकरांच्या आतल्या खोलीत सगळे जमले. आप्पासाहेब भिंतीला टेकून, आरवाडे स्टुलावर, प्रबुद्ध उंबऱ्याबाहेर. आत यायला कुणी सांगितलं नव्हतं. येसूबाई स्वयंपाकघरात चहा टाकत होत्या. पेटी तिच्या जागी ठेवलेली होती.

“दार लावा,” आप्पासाहेब हळू आवाजात म्हणाले.

“नको, उघडं राहू दे. मी कुणाला काही विचारणार नाही. फक्त सांगणार आहे.” उत्कर्षानं पेटी उघडली. “ही गाडी बदललेली असेल, तर बदलणाऱ्यानं सांधे बेमालूम केले, चेन बरोबर तेवढी सैल सोडली, केसाएवढी बिजागरी केली, मडगार्ड मागून पातळ करून अगदी त्याच जागी चेपलं. एवढं अवघड सगळं केलं, आणि माती लावायला विसरला? ती तर सगळ्यांत सोपी. प्रबुद्धला हे जमत नाही, त्याची अर्धी गाडी मी बघितलीय. आरवाडेसाहेब, भिंगातून बघून तुमचं काय मत?”

आरवाडे खाली बघत म्हणाले, “तीच आहे. मी माती बघून ओळखत होतो. माती नाही म्हटल्यावर पुढं बघितलंच नाही.”

“आप्पा, तुमच्या पोरानं वार्निश मारलं नव्हतं. ही माती साध्या पाण्यानं निघते. अष्टमीला ती होती, दसऱ्यानंतर नाही. मधे एकच दिवस येतो. त्या दिवशी या घरातली बुलेट धुतली गेली, विळा, कुऱ्हाड, कातर, सगळं धुऊन पुजलं गेलं. मग फौजेत गेलेल्या पोराची गाडी तेवढी कशी सुटेल? चाकांच्या बेचक्यातला पिवळा डाग हा रंग नाही. हळद आहे. आणि किल्ली देवांच्या मागं असते. देव्हारा रोज कोण पुसतं, ते मी सांगायला नको.”

दारात कपबशा वाजल्या. येसूबाई ट्रे घेऊन उभ्या होत्या. दादासोनं तो पटकन त्यांच्या हातातून घेतला. एवढा चपळ तो कधी दिसला नव्हता.

“प्रबुद्धला कशापायी आणलंय मधी?” त्यांनी विचारलं. “आन त्यो बाहेर का हुबा हाय?”

आप्पासाहेबच म्हणाले, “म्या त्याला चोर म्हणलो. उद्या तक्रार देणार हुतो.”

येसूबाई भिंत धरून खाली बसल्या.

“आवं, मी धुतली. मी. तुमी आला, पेटीपाशी हुबा ऱ्हायला, बघितलं, आन कायबी बोलला न्हाई. मला वाटलं तुमाला कळलं. रागानं गप हाय म्हणलं.”

“मला वाटलं तुला कळू ने,” आप्पासाहेब म्हणाले.

“तुमी रोज त्या मातीकडं बघत हुता. सकाळ-सांज. कुठली माती ती? त्याच मैदानातली. माझं पोरगं गिळलं त्या मातीनं, आन मी तिला घरात ठिवून रोज उदबत्ती ववाळू? सगळ्या हत्यारांस्नी पाणी घातलं, हात आपसूक तिकडं गेला. परातीत धरून धुतली. त्याला न्हाऊ घालायची तशी. निम्मी माती गेली तवा ध्यानात आलं, त्याच्या बोटानं लावलेली हुती ती. त्याचं बोट बी गेलं त्यासंगं. मग कुणाला सांगू?”

आप्पासाहेब रडत होते. लपवण्याचा त्यांनी प्रयत्न केला नाही. दोन वर्षं एका छपराखाली दोघं एकमेकांना जपत राहिले होते, आणि त्या जपण्यात पोराचं नावही कुणी मोठ्यानं घेतलं नव्हतं. असल्या मायेचं काय करायचं, हे उत्कर्षाच्या धंद्यात कुणी शिकवत नाही.

“प्रबुद्धा,” आप्पासाहेब म्हणाले, “आत ये रं. मला माफ कर. मी तुझ्या पाया पडाय पायजे.”

“असलं बोलू नका, आप्पा.” प्रबुद्ध आत आला आणि येसूबाईंजवळ जमिनीवर बसला. “काकी, त्या पुडीतली माती माझ्याकडं उरलीय थोडी. म्हणाल तर परत लावतो. त्याच्यासारखी नाही होणार.”

येसूबाईंनी नवऱ्याकडं बघितलं.

आप्पासाहेबांनी डोळे पुसले. “नको. फौजेत गाडी परत आली की आधी धुत्यात. धुतल्याबिगर शेडमधी घेत न्हाईत. त्याच्या आईनं धुतली, बरोबर केलं. तशीच जाऊ दे शाळंत.”

आरवाडे उठून उभे राहिले. त्यांना काहीतरी म्हणायचं होतं, बहुधा किमतीबद्दलच. पण ते न म्हणता त्यांनी नुसते हात जोडले.

येसूबाईंनी पेटीत वाकून बघितलं. एक बोट त्यांनी पुढच्या लहानशा गोल झाकणापाशी नेलं, पण लावलं नाही.

“प्रबुद्धा, हे त्याचं झाकण का रं?”

“हो, काकी.”

“उघडतं का?”

“उघडतं. तोफ जरा बाजूला वळवायला लागते.”

“मग वळव की. आन उघडंच ऱ्हाऊ दे.”

प्रबुद्धनं दोन बोटांनी तोफ बाजूला केली आणि नखानं झाकण उचललं. ते अलगद उघडलं.