शेवटच्या जोडीतली जागा

मी सांगते आहे ते घडलेले आहे. ज्यांना ही थाप वाटेल, त्यांनी दिवस मावळायच्या आत पोशीरला माझ्या अंगणात यावे आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे. माझ्या शब्दावर या घरात आजवर कुणी शंका घेतलेली नाही.

दोन वर्षांपूर्वीचा फेब्रुवारी. बुधवार. संध्याकाळचे सव्वासहा.

ठिकाण खालापूरच्या बाजूचे. एका जुन्या कचेरीमागे बंद पडलेला लहानसा तुरुंग.

माधवी आणि सुप्रिया या माझ्या नाती. माधवी थोरल्या मुलाची, सुप्रिया धाकट्याची. दोघी पदवीधर. तुरुंगाधिकारी व्हायचे आधी माधवीने ठरवले. जाहिरात तिने शोधली, पुस्तके तिने आणली, कर्जतच्या अभ्यासिकेत जागा तिने धरली. सुप्रिया नुसती सोबत म्हणून गेली होती.

निवड झाली ती सुप्रियाची.

माधवी प्रतीक्षा यादीत पहिली. अवघ्या दोन गुणांनी मागे. सुप्रिया रुजू झाली नाही, तरच तिला बोलावणे येणार होते. आणि वयाच्या अटीमुळे माधवीची ही परीक्षा शेवटची होती.

सुप्रियाचे पेढे माधवीनेच गावभर वाटले. प्रत्येक दारात एकच प्रश्न. "आनि तुजं काय झालं गं?"

ती हसत असे. घरी आल्यावर मोरीत जाऊन चेहऱ्यावर पाण्याचे हबके मारत असे. मी पाहत होते. बोलले नाही, ही माझी चूक.

सुप्रियाची वर्दी शिवून आली. रुजू होण्याआधी तिला खऱ्या तुरुंगापुढे फोटो हवा होता. त्या बंद तुरुंगाची किल्ली पोपटरावांकडे. ते त्याच तुरुंगातून शिपाई म्हणून निवृत्त झालेले.

"माधे, तूच काढ गं फोटो. तुझा हात हलत नाही."

"हो. मी फोटोच काढायचे आता."

"असं काय बोलतेस? तुझंही होईल."

"कधी? तू मेल्यावर?"

दोघी हसल्या. माधवी जरा उशिराने.

पोपटरावांनी फाटक उघडले. आत फरसबंदी चौक, तिन्ही बाजूंना कोठड्या. त्यांनी हौसेने सगळे दाखवले.

"हितं सांजच्याला कैदी बसवायचे. उकिडवे. जोडी जोडीनं. सायब बोटानं मोजायचा, दोन, चार, सहा. गिनती जमली का 'सब ठीक' म्हनायचं. तवर कुनी उठायचं नाय."

फोटो झाले. तेवढ्यात सुप्रियाचा फोन वाजला. आत रेंज नव्हती. टोपी माधवीच्या हातात देऊन ती फाटकाबाहेर गेली. पोपटरावही तंबाखू मळत तिच्यामागे गेले.

चौकात माधवी एकटी उरली.

तिने टोपी डोक्यावर ठेवली.

बरोबर बसली. जणू तिच्याच मापाची.

तिने बोट उचलले आणि रिकाम्या फरशीकडे पाहून मोजू लागली. नुसती गंमत.

"दोन... चार... सहा..."

बाहेर झाडावर साळुंक्यांचा कलकलाट चालला होता. आठ म्हणताच तो थांबला.

"दहा... बारा..."

कापड सळसळले. पुष्कळ माणसे एकदम खाली बसावीत, तसे.

समोर कुणी नव्हते.

तिला थांबायचे होते. बोट थांबेना. फरशीवरून ते आपोआप पुढे सरकत होते आणि प्रत्येक ठिकाणी क्षणभर अडत होते. तिथे मोजण्यासारखे काहीतरी असल्यासारखे.

"वीस... बावीस..."

शेवटच्या ठिकाणी बोट अर्धेच अडले.

"तेवीस."

मग मागून आवाज आला. पुरुषाचा. शांत, कामकाजाचा.

"एक कमी. जोडीला कोण?"

ती ओरडू शकली असती. पळू शकली असती. फाटक वीस पावलांवर होते, आणि फाटकाबाहेरून सुप्रियाचे हसणे ऐकू येत होते. "हो काकू, सोमवारी रुजू व्हायचंय..."

माधवी म्हणाली, "सुप्रिया."

"गिनती?"

"सब ठीक."

बाहेरचे हसणे मध्येच तुटले.

ती धावत बाहेर गेली. सुप्रिया फाटकापाशी उकिडवी बसली होती. हात गुडघ्यांवर, मान खाली. फोन मातीत पडलेला, त्यातून कुणीतरी "हॅलो, हॅलो" करत होते.

"सुपे, ऊठ ना गं."

सुप्रियाने वर पाहिलेही नाही.

"आम्हाला अजून उठायला सांगितलेलं नाही."

आम्हाला...

माधवी आणि पोपटरावांनी तिला उचलून रिक्षात घातले. सकाळी ती ठणठणीत होती. काही आठवत नव्हते. संध्याकाळी, दिवस मावळताना, ती अंगणात आली आणि उकिडवी बसली. डाव्या बाजूला माणूसभर जागा सोडून.

तेव्हापासून रोज. उजाडेपर्यंत.

पहिल्या दिवशी दोघांनी उचलली, आता चार माणसांनी धरले तरी ती हलत नाही. डॉक्टर झाले, देवऋषी झाले. तिची आई विमलबाई रोज तिच्या अंगावर घोंगडी टाकते. पहाटे ती घोंगडी रिकाम्या बाजूला ओढलेली असते.

सोमवार गेला. मुदत गेली.

माधवीला नियुक्तीपत्र आले.

आज ती अधिकारी आहे. कुठे, ते सांगणार नाही. रोज संध्याकाळी तीनशे माणसे तिच्यासमोर जोडीने बसतात. तिची गिनती कधी चुकत नाही, असे तिचे वरिष्ठ म्हणतात.

गेल्या दिवाळीत ती आली, तेव्हा मी दार लावून तिला समोर बसवले. वरचे सगळे तिने मला त्या दिवशी सांगितले. डोळ्यांत पाणी होते. मान मात्र ताठ.

मी पोपटरावांना बोलावून घेतले. त्यांनी ऐकले आणि हातातली मळलेली तंबाखू टाकून दिली.

"आक्का, एकदा सब ठीक म्हटलं का नाव सुटत नाय. ज्यानं मोजलं त्यानंच परत मोजायचं, आनि बदली मानूस द्यायचा."

ते गेल्यावर मी माधवीला विचारले, "ऐकलेस? मग जा, पुन्हा मोज. तिच्या जागी तुझे नाव सांग."

अंगणात सुप्रिया बसायला आली, त्याची चाहूल लागली.

"आजी, मग ती उठेल. पुन्हा परीक्षा देईल. आणि पुन्हा माझ्या पुढेच जाईल."

माझ्या पोटच्या मुलाची ही मुलगी. मी तिच्याकडे पाहिले आणि या वयात मला पहिल्यांदा माणसाची भीती वाटली.

मी म्हणाले, "तुझे नको. माझे नाव सांग. माझे बसायचेच दिवस आहेत. तू फक्त येऊन मोज."

तिने मान डोलावली. सकाळच्या गाडीने गेली.

किल्ली मी मागवून ठेवली आहे. नवे लुगडे काढून ठेवले आहे. कुणासमोर बसायचे तर नीट बसावे.

दिवाळीपासून माधवीला तीनदा निरोप धाडला.

तीनही वेळा एकच उत्तर आले...

"आजी, रजा मिळत नाही."