फक्त पाहुण्यांना येणारा वास

ही गोष्ट माझ्या स्वतःच्या घरात घडली. ऐकीव नाही. खोटंच सांगायचं असतं तर जिच्यात आमची अब्रू जाते अशी गोष्ट मी कशाला निवडली असती?

आणि रात्र नव्हती. अमावस्याही नव्हती. भर दुपार होती.

गाव ताडकळस. साल चौऱ्याण्णव. विद्यापीठाचं नामांतर झालं ते वर्ष. दसरा नुकताच झाला होता आणि ऊन असं की अंगणात पाय ठेववत नव्हता.

मी सुमन. सारवण, झाडलोट, घासपूस या बाबतीत मी जरा जास्तच आहे. आमचे हे म्हणायचे, "हिच्या घरात माशीसुद्धा पाय पुसून येते." मला त्याचा अभिमान होता. म्हणूनच पुढं जे झालं ते मला इतकं लागलं.

मी चार दिवस माहेरी, पूर्ण्याला गेले होते. परत आले. बसमधून उतरून घरापर्यंत चालत आले, उंबऱ्यात पाय ठेवला...

आणि तोंडावर वास आला.

मेलेल्या उंदराचा वास. एकदा ओळखीचा झाला की तो विसरता येत नाही. गोडसर, जड, घशात बसणारा.

सासूबाई ओसरीवर वाती वळत बसल्या होत्या. त्यांचं नाव चन्नबसम्मा, मी त्यांना आत्याबाई म्हणायची.

"आत्याबाई, कसला वास येतोय हो?"

त्यांनी मान वर केली नाही. "कसला वास? मला तर न्हाई येत."

माझी नणंद महानंदा आतून आली. तिलाही येत नव्हता. यांनाही नाही.

मला वाटलं, घरातल्यांचं नाक मेलंय. मी पाणी प्यायले, लुगडं बदललं, चूल पेटवली. आणि मग...

मलाही वास येईनासा झाला.

पुन्हा कधीच आला नाही. तुम्ही म्हणाल, नाकाला सवय होते. होते ना. मीही तेच म्हटलं होतं.

दुसरं कुठलं वर्ष असतं तर मेलेल्या उंदराचं कुणाला काय वाटलं असतं? पण त्या वर्षी बीडकडं गाठीचा रोग, म्हणजे प्लेग, आल्याची बातमी होती. मग सुरतेची आली. सुरतेला कामाला गेलेली माणसं गाठोडी घेऊन परत यायला लागली. गावात जीप फिरायची. भोंग्यातून सांगायचे, मेलेला उंदीर हातानं उचलू नका, त्याच्या अंगावरच्या पिसवा माणसावर येतात. नाकाला फडकं बांधा. कोरडं झाडू नका. रॉकेल टाका, खड्ड्यात पुरा, आणि लगेच कळवा.

कळवा म्हणे.

कळवलं की पांढरी पावडर मारायला माणसं यायची. गल्लीतली पोरं मागं पळायची. मग त्या घरी कुणी पाणीसुद्धा प्यायचं नाही. 'उंदीर' हा शब्दच लोक हळू आवाजात बोलायला लागले होते.

आणि आमच्या महानंदाला बघायला झरीचे पाहुणे यायचे होते.

महानंदाचं वय पुढं चाललं होतं. रंगानं सावळी, कामाला वाघीण. स्थळं यायची, पोहे खायची आणि जायची. झरीच्या लोकांनी मात्र आधी निरोप पाठवला होता की रंग-बिंग आम्ही बघत नाही, घर चांगलं पाहिजे.

घर चांगलं पाहिजे!

मी कंबर कसली. सगळी भांडी बाहेर काढली. उतरंडी उतरवल्या. कोनाडे पुसले. भिंतींना चुना दिला, जमीन दोनदा सारवली, कडुनिंबाचा पाला जाळला, ऊद घातला. नाकाला फडकं बांधून मी फडताळामागं, कणगीखाली, गोवऱ्यांच्या ढिगात शोधलं.

उंदीर सापडला नाही. लेंडीसुद्धा नाही.

तेवढ्यात शेजारची तानुबाई विरजण मागायला आली. मधल्या खोलीपर्यंत आली आणि थबकली. पदर नाकाला लावला.

"बाई बाई... सुमन, तुज्या घरात कायतरी मेलंय की गं."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

"कुठं येतोय वास?" मी विचारलं. स्वतःच्या घरातला वास दुसरीला विचारावा लागला, ही लाज काय असते ते मला विचारा.

तानुबाईनं बोट दाखवलं. मागच्या भिंतीकडं.

त्या भिंतीत आमचं बळद होतं. नव्या लोकांना माहीत नसेल म्हणून सांगते. दोन भिंतींच्या मधे माणूस उभा राहील एवढी पोकळी ठेवायचे. माळवदावर, म्हणजे घराच्या मातीच्या छतावर, तिचं तोंड. तिथून ज्वारी ओतायची आणि खाली जमिनीजवळच्या भोकातून लागेल तशी काढायची. दसऱ्याच्या सुमाराला ती तळाला गेलेली असायची.

हे माळवदावर चढले, तोंडावरची फरशी सरकवली आणि बॅटरी मारून वाकून बघितलं.

"काहीच न्हाई," वरून ओरडले. "थांबा, खाली उतरून बघतो."

"उतरू नको!"

आत्याबाई इतक्या जोरात ओरडल्या की मी दचकले. त्या बाईचा आवाज मी कधी ओसरीच्या बाहेर गेलेला ऐकला नव्हता.

"अव्वा, उंदीर असंल तर काढावा लागंल की."

"काढू नको. फरशी घाल. खालचं भोक लिंपून टाकू. पाहुणे गेल्यावर बघू."

आणि त्या स्वतः माती आणि शेण कालवायला बसल्या. मी म्हटलं, मी लिंपते. त्यांनी ऐकलं नाही. भोकाशी बसून त्यांनी लिंपलं. मधेच त्या थांबल्या, मान थोडी कलती केली...

जणू आतून कुणीतरी काही बोलत होतं.

"काय झालं, आत्याबाई?"

"काय न्हाई."

खरं सांगते, मला बरंच वाटलं. वास कोंडला गेला, सुटलो, असं वाटलं. वरून मी चुन्याचा हात फिरवला. भिंत अशी झाली की तिथं भोक होतं हे सांगूनही कळलं नसतं.

पाहुणे आले. मुलाची आई नागुबाई आणि मुलाचे आजोबा चंद्रप्पा. मुलगा मागाहून येणार होता. चंद्रप्पा चांगलेच म्हातारे होते, कपाळभर विभूती, हातात काठी. आम्ही सतरंजी टाकली होती. ते नेमके त्या भिंतीला टेकून बसले.

नागुबाई दारातच अडखळल्या. मी त्यांच्या नाकाकडंच बघत होते. नाकपुड्या हलल्या. मग पदर हळूच वर आला.

त्या काही बोलल्या नाहीत. मोठ्या मनाची बाई. पण तो पदर खाली आला नाही.

महानंदा जांभळं लुगडं नेसून पोह्यांच्या बशा घेऊन आली. बसली. नागुबाईंनी पदराआडून नाव विचारलं, स्वयंपाकाचं विचारलं. सगळं नीट चाललं होतं.

एवढ्यात चंद्रप्पांनी मान भिंतीकडं वळवली...

"आत कोण हाय?"

"कुणी न्हाई, अप्पा," हे म्हणाले. "बळद हाय."

"मग पाणी कोण मागायलंय?"

मी कान दिला. बाहेर कोंबडी, लांब कुठंतरी पिठाची गिरणी. भिंतीतून... काही नाही.

मी नागुबाईंकडं बघितलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. त्यांना ऐकू येत होतं. पाहुण्यांना ऐकू येत होतं, आम्हाला नाही.

"माणूस कोंडलंय का तुमी?" त्या उठल्याच. "अवं, बाई हाय आत! पाणी पाणी करायलीय!"

हे हसायला गेले. हसू ओठावरच राहिलं. आत्याबाई कोपऱ्यात होत्या, त्या जमिनीकडं बघत होत्या.

पोहे तसेच राहिले. चहाला हातसुद्धा लागला नाही. गल्लीतल्या बायका दारात उभ्या होत्या, त्यांच्या देखत पाहुणे बाहेर पडले. महानंदा बशी हातात धरून तशीच बसली होती. त्या पोरीकडं बघायची माझी हिंमत झाली नाही.

चंद्रप्पा उंबऱ्यात थांबले. आत्याबाईंकडं बघून बोलले.

"ल्हानपणी गाठीच्या साथीत आमी गाव सोडून माळावर राहिलो व्हतो. परत आलो तवा काही काही घरातनं हाच वास येत व्हता. उंदराचा न्हाई हा. मागं ठेवलेल्या माणसाचा हाय."

आणि गेले.

दार लावून घेतलं. शेवटी महानंदाच बोलली.

"अव्वा, आत कोण हाय?"

आत्याबाईंनी तोंडावर पदर घेतला. पदराआडूनच त्यांनी सांगितलं. त्या लग्न होऊन आल्या त्याच वर्षी उंदीर पडायला लागले होते. सगळं गाव माळावर झोपड्यांत निघालं. त्यांची थोरली जाऊ पार्वती. तिच्या जांघेत गाठ आली.

"सरकारी माणसं घरोघर तपासायली व्हती. गाठीचं माणूस घावलं की समद्यांना वायलं काढतेत, घराला नाव लागतंय. सासरे म्हणले, तपासणी होईपर्यंत हिला बळदात ठेवू. दोरानं वरून सोडली. एक घागर दिली पाण्याची. रात्री येऊन काढू म्हणले."

"मग?"

"रात्री सासऱ्यालाच ताप भरला. कोण येणार?"

पुढं त्या जे बोलल्या ते मला अजून झोपेतून उठवतं.

"खालचं भोक मला लिंपायला लावलं व्हतं. धाकटी म्हणून. मी लिंपायले, आन आतून ती म्हणायली, घागर कलंडली गं, पाणी दे. मला बोलू नको म्हणून सांगितलं व्हतं. मी न्हाई बोलले."

आम्हा लिंगायतांत मेलेल्या माणसाला बसवून माती देतात. पार्वतीला दिली, असं नंतर सासऱ्यांनी सांगितलं. कुठं दिली ते आत्याबाईंना कुणी दाखवलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. तिच्या नावानं घरात कधी दिवा लागला नाही. लोकांना सांगितलं, माहेरी जाऊन वारली.

महानंदा उठली. बघण्याचं लुगडं नेसलेलीच. कोपऱ्यातली पहार घेतली आणि माझ्या नव्या चुन्यावर घातली.

मी ओरडले, "अगं, नाकाला काही बांध! पिसवा असतील!"

तिनं ऐकलं नाही. लिंपण पडलं. ज्वारी घरंगळत बाहेर आली. मी फडकं बांधून रॉकेलची बाटली घेऊन तयार उभी होते, उंदीर दिसला की ओतायचं म्हणून.

ज्वारी स्वच्छ होती. कोरडी. चाळून ठेवल्यासारखी. उंदीर नाही, केस नाही, लेंडी नाही. आणि आम्हाला वास तर नव्हताच.

महानंदानं भोकातून हात घातला. खांद्यापर्यंत. आतली भिंत चाचपत वर वर नेला...

हात थांबला.

"वैनी, इथं ओलं हाय."

मी हात घालून बघितला. सगळी भिंत कोरडी ठणठणीत. एकाच जागी ओली, तळहाताएवढी. आणि ऊन. माणूस आत बसला तर त्याचं तोंड जिथं येईल, तिथं.

मी हात काढून घेतला. महानंदानं तांब्या भरून आणला आणि भोकातून आत सरकवला. आत्याबाई सरपटत भिंतीशी गेल्या, कान लावला. किती वेळ तशाच बसल्या. मग म्हणाल्या,

"पेली."

आम्हाला काहीच ऐकू आलं नव्हतं.

झरीचा नकार दुसऱ्याच दिवशी आला. त्यात त्यांची काही चूक नव्हती. गावभर मात्र आमच्या घराचं नाव खराब झालं. जीपही आली, पावडरही पडली, पोरंही मागं धावली. ज्या नावाच्या भीतीनं पार्वतीला आत सोडलं होतं, ते नाव शेवटी लागायचं ते लागलंच. महानंदाचं लग्न पुढं बसमतला झालं. सासरी निघताना ती मला एवढंच म्हणाली, "वैनी, तांब्या ठेवत जा."

आत्याबाई होत्या तोवर त्या ठेवायच्या. त्या गेल्यावर मी ठेवायची. पुढं घर पाडलं तेव्हा बळद उकरलं. खाली काहीही नव्हतं. नुसती माती.

आता आम्ही परभणीत राहतो. स्लॅबचं घर, फरशी, विटेची एकेरी भिंत. पोकळी कुठंच नाही. मी अजून तशीच घासत-पुसत असते.

मागच्या महिन्यात सून माहेराहून आली. बॅग घेऊन दारात उभी राहिली आणि तिथंच थांबली. मी तिच्या नाकाकडं बघितलं. नाकपुड्या हलल्या.

"वास येतोय का गं कसला?"

"नाही हो, आई," ती म्हणाली. फार पटकन म्हणाली. आणि पदर नाही म्हणून रुमाल काढून नाक पुसल्यासारखं केलं.

तिला लाज वाटली, मला सांगायची. मला लाज वाटली, पुन्हा विचारायची.

त्या दिवसापासून मी रोज संध्याकाळी तांब्या भरून घेते आणि घरभर फिरते. एकेका भिंतीला कान लावते. मला काही ऐकू येत नाही. मी घरातलीच ना.

तांब्या कुठल्या भिंतीशी ठेवायचा, तेच कळत नाही.