प्रतिसाद न देणारे पिल्लू

सेथुन्याने त्या माणसाला पहिल्यांदा पाहिले ते स्वतःच्याच मोटारीखालून. ती डाव्या बाजूने गुडघे टेकून वाकली होती, तो उजव्या बाजूने. मध्ये इंजिनाच्या सावलीत एक तांबडे पिल्लू बसले होते, आणि थामागा गावाच्या रस्त्यावरचा ऑगस्टचा कोरडा वारा दोघांच्याही डोळ्यांत सारखीच धूळ फेकत होता.

"दुमेला, म्मा," तो पलीकडून म्हणाला. कोणत्याही अवस्थेत नमस्कार आधी आणि काम नंतर.

"दुमेला, रा. हे कुत्रं तुमचं?"

"त्याला विचाराल तर ते बकरू आहे. शेळ्यांबरोबर रस्ता ओलांडत होतं. तुम्ही ब्रेक फारच... मनापासून मारलात."

"तुमच्या शेळ्या फारच बेपर्वाईने ओलांडत होत्या."

"शाळेच्या शेळ्या आहेत. मुलांचं पाहून शिकतात."

पिल्लू उठले, सरळ सेथुन्याच्या हाताशी आले आणि तिचे बोट चाटू लागले. काम झाले होते. आता दोघांनीही उभे राहायला हरकत नव्हती. तरीही तो माणूस चाकांमधून गरजेपेक्षा किंचित अधिक वेळ पाहत राहिला. सेथुन्याने ते धुळीच्या खात्यावर टाकले.

उभे राहिल्यावर ओळख झाली. त्याचे नाव मोथुसी. तो गावातल्या शाळेत शेतीचा विषय शिकवत असे. शाळेच्या शेळ्यांच्या गोठ्यातच त्याची कुत्री व्याली होती आणि पिल्ले डोळे उघडल्यापासून शेळ्यांतच वाढत होती. सेथुन्या राजधानी गाबोरोनमधल्या पशुरोग प्रयोगशाळेत काम करत असे, आणि त्या दिवशी ती कुत्र्याच्याच शोधात गावी आली होती. योगायोगावर तिचा विश्वास नव्हता. गावात कुत्री पुष्कळ, तेव्हा एखादे मोटारीखाली येणारच, असा हिशेब तिने मनाशी मांडला.

कुत्रे हवे होते तिच्या आईसाठी. आई एकटी राहत असे. एकटी म्हणजे शेळ्या, कोंबड्या आणि एका पिवळ्या बोक्यासह. या बोक्याने आजवर कुणाचीही सत्ता मानलेली नव्हती. गेल्या हिवाळ्यात कोल्ह्यांनी शेळीची करडे नेली. मामांनी राखणीला एक थोराड कुत्रा आणून दिला, तर त्याने कोल्ह्यांना हात न लावता कोंबड्या खाल्ल्या. मग मामांनी निर्णय दिला: शेळ्या पुन्हा व्यायच्या आत घरातल्या सगळ्या जनावरांशी नांदेल असे कुत्रे मिळाले तर ठीक, नाही तर जनावरे त्यांच्या गुरांच्या तळावर जातील आणि आई गाबोरोनला, सेथुन्याच्या दुसऱ्या मजल्यावरच्या घरी. त्या घरी आई एकदा आठवडाभर राहिली होती. तिने तो आठवडा फ्रिजकडे पाहत काढला. मधूनमधून का होईना, आवाज करणारी घरातली तेवढीच एक वस्तू होती.

"घरात कोण कोण आहे?" मोथुसीने विचारले.

"शेळ्या, कोंबड्या, बोका, आई."

"सर्वांत कडक कोण?"

"बोका आणि आई यांच्यात अजून निकाल लागलेला नाही."

तो हसला. हसताना त्याने मान वाऱ्याकडे वळवली आणि टोपी उडाली. सेथुन्याने ती उचलून दिली. यातून काहीही सिद्ध होत नव्हते.

पुढच्या शनिवारी ती शाळेच्या गोठ्यावर हजर झाली, सोबत एक कोंबडी टोपलीत आणि बोका ज्यावर झोपत असे ती चिंधी. तिने परीक्षेची रीतसर आखणी केली होती. प्रत्येक पिल्लाला वेगळे काढायचे, टाळी वाजवायची, चिंधी हुंगू द्यायची, टोपलीशेजारी सोडायचे आणि काय करते ते पाहायचे.

"आम्ही फक्त तोंड उघडून बघतो," मोथुसी म्हणाला. "टाळू काळी असेल तर कुत्रं चांगलं. माझी आजी सांगायची."

"टाळूच्या रंगाचा आणि स्वभावाचा काय संबंध?"

"तो मला माहीत असता तर मी प्रयोगशाळेत नसतो का? आणि तुम्ही गोठ्यात."

"काळी टाळू कोणाची आहे?"

"त्या ठिपकेवाल्याची. पैज लावता?"

"मी पुराव्यावर चालते, मास्तर. पैजेवर नाही."

"म्हणजे हरण्याची भीती आहे—"

तिने पहिले पिल्लू वेगळे काढले. परीक्षेत तांबडे पिल्लू पहिले आले: टाळीला घाबरले नाही, चिंधीपाशी रेंगाळले नाही, प्रत्येक वेळी शेपटी हलवत तिच्याकडे धावले. मोटारीखालच्या भेटीपासून ते तिला आवडले होते, ही गोष्ट तिने आखणीत कुठेही धरली नव्हती. ठिपकेवाले मध्यम. करड्या रंगाच्या एका मादीने काहीच केले नाही. सेथुन्याने तिच्याबद्दल एवढेच म्हटले, "हिचा प्रतिसाद नाही," आणि ती पुढे गेली.

आधी तांबडे पिल्लू आईकडे गेले. मोथुसीने ते स्वतः काखेत घेऊन पोचवले आणि माग्विन्यांबरोबर, म्हणजे पिठाच्या तळलेल्या गोळ्यांबरोबर, दोन पेले चहा घेतला. पिल्लू माणसांवर इतका जीव टाकत होते की आई रविवारी चर्चला निघाली तसे तेही निघाले, प्रवचनभर बाकाखाली झोपले आणि शेळ्या अंगणात देवाच्या भरवशावर राहिल्या.

"धार्मिक आहे," मोथुसी म्हणाला. "पण राखणीला देवच ठेवायचा तर कुत्रं कशाला?"

मग ठिपकेवाले आले. शेळ्यांशी त्याचे उत्तम जमले. बोक्याने नाकावर एक पंजा दिला, तोही त्याने पचवला. तिसऱ्या दिवशी मात्र ते तोंडात पिसे घेऊन आईसमोर उभे राहिले. कोंबडी वाचली, तिचा मान मात्र वाचला नाही.

"तुमच्या आजीला सांगा," सेथुन्या म्हणाली, "टाळू काळी आहे आणि तिच्यावर पिसं आहेत."

"आणि तुमच्या परीक्षेला सांगा, पहिला आलेला विद्यार्थी भजनी निघाला."

दोघेही हरले होते, आणि शेळ्यांची पोटे आता उतरू लागली होती. आईने न बोलता भांडी एका पेटीत भरायला घेतली होती. सेथुन्याने ती पेटी पाहिली आणि त्याच दुपारी ती पुन्हा गोठ्यावर गेली. या वेळी तिने टाळी वाजवली नाही. टोपलीतली कोंबडी मध्ये ठेवून ती फक्त बसून राहिली. मोथुसी तिच्यापासून हातभर अंतरावर बसला. वाऱ्यात त्याच्या बाहीचा स्पर्श तिच्या बाहीला होत होता. सरकून बसायला दोघांनाही जागा भरपूर होती.

करडी मादी आली. तिने टोपलीकडे पाहिले, मग दुसरीकडे पाहिले, टोपलीला पाठ टेकली आणि झोपली. थोड्या वेळाने आत कोंबडीही झोपली.

"मी उलटं मोजत होते," सेथुन्या हळूच म्हणाली.

"काय?"

"मी धीट कोण ते शोधत होते. आईच्या अंगणात धीट पुष्कळ आहेत. तिथे समोर कोंबडी असताना काहीही न करणारं कुणीतरी हवंय. हिनं ते पहिल्याच दिवशी करून दाखवलं होतं. मी त्याला प्रतिसाद नाही असं नाव दिलं."

"काहीही न करता शेजारी बसून राहणारं कुणीतरी..." मोथुसी म्हणाला. "या जागेसाठी माणसांचे अर्ज घेता का?"

सेथुन्या कोंबडीकडे पाहत राहिली.

"प्रतिसाद नाही," तो म्हणाला.

"मास्तर, मी आत्ताच जी चूक कबूल केली, ती तुम्ही ऐकली नाहीत का?"

 त्याने टोपी काढून उगाचच झटकली.

दुसऱ्या दिवशी करडी मादी काखेत घेऊन मोथुसी अंगणात शिरला तेव्हा मारुला झाडाखाली मामा खुर्ची टाकून बसले होते.

"तिसऱ्यांदा जनावर घेऊन आलास," मामा म्हणाले. "लग्नाची मुलगी असलेल्या घरी माणसं जनावरं कशाला आणतात, ठाऊक आहे ना? मुलीचं देज द्यायला!"

"हे कुत्रं आहे, मामा."

"मामा? मी कधी झालो तुझा मामा? तुझे मामा कुठे आहेत ते सांग. मुलगी मागायची तर घरची मोठी माणसं पहाटे येतात, खाली बसतात, पाण्याचा भोपळा मागायला आलोय म्हणतात. तू येतोस भर दुपारी, पिल्लू काखेत मारून, आणि वर चहा पितोस!"

चुलीपाशी आई हसू दाबत होती. सेथुन्या मोथुसीकडे पाहत होती. 'मी मुलगी मागायला आलेलो नाही' एवढे एकच वाक्य म्हटले असते तर तो सुटला असता. ते वाक्य सोपे होते आणि त्या क्षणापर्यंत खरेही मानता आले असते. तो कानापर्यंत तापला, पिल्लू खाली ठेवले... आणि त्याने ते वाक्य म्हटले नाही.

"तुझ्या मामांशिवाय या फाटकाच्या आत पाऊल टाकायचं नाही," मामांनी निकाल दिला.

मोथुसी मान लववून बाहेर गेला.

करडी मादी राहिली. बोक्याने पंजा उगारला. तिने तोंड फिरवले. शत्रूच रस घेत नाही म्हटल्यावर बोका खट्टू होऊन छपरावर गेला. कोंबड्या तिच्या पाठीवरून चालू लागल्या. पहिली शेळी व्याली तेव्हा मामा पाहायला आले आणि त्यांनी नेहमीच्या हक्काने करडू उचलले. तोवर कधीही आवाज न केलेले ते पिल्लू त्यांच्या पायाशी येऊन उभे राहिले, त्याने दात दाखवले आणि करडू खाली ठेवेपर्यंत गुरगुरत राहिले.

मामांनी करडू ठेवले. चेहऱ्यावर मात्र मोठे समाधान होते. "म्मा-सेथुन्या," ते बहिणीला लेकीच्या नावाने हाक मारत म्हणाले, "ती भांडी बाहेर काढ. आणि या बयेला नाव द्या. बिननावाच्या कुत्र्याकडून मी अपमान करून घेणार नाही."

"सेथुन्यानं निवडली," आई म्हणाली, "तीच नाव ठेवेल."

थामागात कुत्र्याचे नाव केवळ कुत्र्यासाठी नसते. शेजाऱ्याला तोंडावर सांगता येत नाही ते कुत्र्याच्या नावात घालावे आणि कुंपणाशी उभे राहून हाक मारावी, ही तिथली जुनी सोय आहे. संध्याकाळी गावात 'बोलू देत!' अशी हाक येते आणि दुसऱ्या कुंपणाआडून 'तुमचं काय जातं!' असे उत्तर येते; कुत्री जेवायला धावतात आणि माणसे काय ते समजतात. ही पद्धत अवैज्ञानिक आहे, असे सेथुन्याचे जुने मत होते. निरोप पोचला की नाही ते तपासता येत नाही, हा तिचा मुख्य आक्षेप.

त्या संध्याकाळी मोथुसी शाळेच्या गोठ्यावरून परतताना फाटकाबाहेर थांबला. पाय कटाक्षाने रस्त्यावरच होते.

"कशी आहे ती?" त्याने विचारले.

"नांदतेय. आई कुठेही जाणार नाही."

"छान." तो फाटकाच्या तारेवर बोट फिरवत राहिला. "मग आता... तुमचं शनिवारचं येणं..."

 सेथुन्या कुंपणापाशी गेली, तिने आईच्या गोठ्याकडे तोंड केले आणि स्पष्ट, खणखणीत आवाजात हाक मारली, "आ-बा-त्ले!"

येऊ देत त्यांना.

उखळातल्या मुसळाचा आवाज थांबला. झाडाखाली मामांनी पेला खाली ठेवला. फाटकाबाहेर मोथुसीचे बोट तारेवर जिथल्या तिथे राहिले.

"कुणाला..." त्याने विचारले, "कुणाला येऊ देत?"

"मामांनी अट घातली आहे. मला अटी पाळलेल्या आवडतात."

"माझे मामा शाकावेला असतात. देशाचं दुसरं टोक आहे ते."

"मग त्यांना लवकर निघायला सांग."

'सांगा' नव्हे, 'सांग'.  वाऱ्याने त्याची टोपी उडाली; या वेळी ती कुणीच उचलली नाही.

"सेथुन्या... मी बरोबर ऐकलं ना?"

एका निरीक्षणावर निष्कर्ष काढू नये, हे तिला मान्य होते. तिने कुंपणावर दोन्ही हात टेकले आणि मोथुसीकडे पाहतच दुसऱ्यांदा हाक मारली, आधीपेक्षा मोठ्याने, सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी.

शेळ्यांमध्ये झोपलेल्या पिल्लाने कानही हलवला नाही.

फाटकाबाहेर, भर रस्त्यात, शेतीच्या मास्तरांनी वर्गातल्या मुलासारखा हात वर केला.

"हजर," तो म्हणाला.