गोफणताईची भिंत

शिवमची आणि माझी पहिली भेट बारामतीच्या एसटी स्टँडवर झाली, आणि तेव्हा मी भांडत होते. माझा वांग्याच्या रोपांचा ट्रे डिकीत टाका, असा कंडक्टरचा हट्ट. मी सगळं स्टँड डोक्यावर घेतलं होतं.

"परत ओरडाल का जरा? तस्संच?"

मी वळले. चष्मा, विस्कटलेले केस, आणि हातातला मोबाईल थेट माझ्या तोंडासमोर! मी थक्कच झाले.

"डोकं ठिकाणावर हाय का तुमचं?"

"नाही... तीन महिने एक आवाज शोधतोय. तो हाच."

हा वालचंदनगरचा शिवम. बारामतीत एका मिठाईच्या दुकानावरच्या खोलीत तो मुलांसाठी कार्टून बनवून इंटरनेटवर टाकायचा. त्याची नायिका गोफणताई. एरवी ज्वारी राखणारी, पण संकट आलं की गोफण गरगरा फिरवत आभाळात उडणारी. तिला सगळं होतं, फक्त आवाज नव्हता. पुढच्या शनिवारी मी, काटेवाडीची राजेश्वरी, गोफणताई झाले.

आमची पद्धत ठरलेली. आधी आवाज, मग चित्र. मी कच्च्या रेघांकडे बघून बोलायचे, आणि नंतर तो माझ्या आवाजाच्या मापानं गोफणताईचे ओठ हलवायचा, रंग भरायचा. म्हणजे दिवसभर माझा आवाज त्याच्या कानात. मला ते फार आवडायचं. खरं सांगायचं तर, मला तोच आवडायचा. पण सात महिन्यांत ह्या माणसानं एक शब्द काढला असेल तर शपथ!

"आज आवाज सुरेख लागला," तो म्हणायचा.

"आणि मी?"

"तुम्ही...? तुम्ही माईकपासून जरा लांब बसा."

असा मनुष्य! कपाळावर हात मारून घ्यायचा, दुसरं काय.

अशातच माझ्या वडिलांनी, आबांनी, इंदापूरचं स्थळ आणलं. मी शिवमला मुद्दाम सांगितलं, "रविवारी पाहुणे येणार आहेत... मला बघायला."

तो बराच वेळ हेडफोनची वायर बोटाला गुंडाळत राहिला. मी वाट बघत राहिले.

"अच्छा," तो म्हणाला. "मग... रेकॉर्डिंग आजच उरकून घेऊ."

मला असा संताप आला म्हणता!

त्या दिवशीचा भाग स्वप्नातल्या दुनियेचा होता. पेंगुळ्या नावाचा राक्षस अख्ख्या गावाला झोपवतो. स्वप्नात ज्याला जे हवं ते मिळतं, म्हणून कुणाला उठायचंच नसतं. गोफणताई प्रत्येकाच्या स्वप्नात शिरते, तिथली लाडकी वस्तू गोफणीनं फोडते आणि त्याला जागं करते. शेवटी उरतं तिचं स्वतःचं स्वप्न. पडद्यावर नुसती कोरी भिंत होती.

"ह्या भिंतीवर काय हाय?" मी विचारलं.

"शाळेची भिंत आहे," तो माझ्याकडे न बघता म्हणाला. "तिला शाळा फार आवडायची. रडून बोला."

मी रडले. शाळेसाठी नाही रडले, हे काय वेगळं सांगायला हवं?

रविवारी पाहुणे आले. मुलगा विजयसिंह, दिसायला चांगला, बोलायला सरळ. पोहे झाले. मी चहाचा ट्रे घेऊन बाहेर आले, तोच छबूआत्याला अवसान चढलं.

"आमची राजू कार्टूनमधी बोलती. आज सकाळीच नवा भाग आलाय!"

"मग लावा की," विजयसिंह म्हणाला.

टीव्हीवर गोफणताई उडाली, पेंगुळ्या घोरला, पाहुणे हसले. मग आली ती भिंत. पिवळीधमक. आमच्याकडं लग्न ठरलं की घराच्या भिंतीवर नावं रंगवतात, अगदी तश्शी. लाल अक्षरांत लिहिलं होतं,

*शुभविवाह. चि. शिवम – चि. सौ. कां. राजेश्वरी.*

आणि त्यावर माझाच आवाज, हुंदके देत... "सगळ्यांची सपनं मोडली मी. पण ही भिंत न्हाय मोडवत मला. एवढं तरी खरं होऊ दे!"

मी चहाचा ट्रे तसाच खाली ठेवला.

विजयसिंहनं पोह्यांची रिकामी बशी हळूच खाली ठेवली. "आबा, भिंतीवर नाव लागलं म्हंजी लगीन ठरलं. आमाला आधी सांगायचं तरी."

"कुणाचं ठरलं? मलाच आत्ता कळतंय!" आबा ताडकन उठले.

तेवढ्यात माझा फोन वाजला.

"राजेश्वरी, आजचा भाग बघू नका!" शिवमला धाप लागली होती. "चुकून भलतीच फाइल गेली. ती भिंत... ती मी फक्त माझ्यासाठी रंगवली होती."

"बघितली. पाहुण्यांसकट."

पलीकडून बारीक आवाजात, "लगेच काढतो."

"काढून तर बघा!" मी स्टँडवरच्या आवाजात ओरडले.

सगळे माझ्याकडे बघत राहिले. आबा जवळ आले.

"पोरी, ते रडणं शिकवलेलं हुतं का खरं?"

"खरं हाय, आबा."

विजयसिंहच आधी हसला. "चहा तरी द्या मग. निवतोय."

पाहुणे गेल्यावर आबा कितीतरी वेळ अंगणात उभे होते. आत आले ते म्हणाले, "त्याला म्हणावं, आईबापाला घिऊन ये. आन् रंगाचा डबा बी आण. आपली भिंत कोरीच हाय."

दीड महिन्यानं, सगळी बोलणी झाल्यावर, शिवम आमच्या दारात स्टुलावर चढला. हातात ब्रश, खाली अख्खी आळी. तो 'शु' काढणार, तोच मी त्याचं कोपर धरलं.

"थांबा. आधी आवाज, मग चित्र."

"इथं...? सगळ्यांसमोर?"

"मला रडवलंत ते कुणासमोर?"

त्याचे कान लाल झाले. "राजेश्वरी, मला... तू..."

"ऐकू यीना!" छबूआत्या मागून ओरडली.

"मला तू आवडतेस!" तो एवढ्या मोठ्यानं ओरडला की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली आणि त्याच्या हातातला ब्रश खाली पडला.

मी तोंड उघडलं. सगळे कान टवकारून बसले होते, आणि माझा आवाजच फुटेना. कंडक्टरला गप्प करणारी मी! डोळे भरून आले, एक शब्द सुचला नाही.

मग मी वाकले, ब्रश उचलला, आणि त्याच्या हातात दिला.