डोंगराकडून येणारी गाडी

जंक्शनवर गाड्यांच्या सूचना द्यायचं काम माझं. मेन लाइनच्या गाड्या, डोंगराकडची छोटी गाडी, बाहेरच्या बसस्थानकातून धावत येणारी माणसं... सगळ्यांची मदार माझ्या आवाजावर. त्या दिवशी एक्सप्रेस उशिरा आली, आणि छोट्या गाडीचा गार्ड थेट माझ्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला.

"जरा सांगता का, गाडी थांबलीय, धावू नका म्हणून? पुलावरून म्हाताऱ्या बायका पळतायत."

"तसा निरोप नाही मला."

"गाडी मी थांबवलीय. आवाज तेवढा तुमचा द्या."

मी सूचना दिली. तरी तो तिथेच.

"अजून काही?"

"नाही... 'कृपया' फार छान म्हणता तुम्ही."

तेव्हापासून त्यानं माझं नावच 'कृपया' ठेवलं. कृपया, चहा घेणार? कृपया, आज आवाज बसलाय का? मी रागावल्यासारखं करायचे, आणि त्याची गाडी यायच्या सुमाराला केस नीट करायचे.

मग एकदा जिन्यात थांबून त्यानं सरळच विचारलं, "तुमच्या आईला भेटायला येऊ?"

बाबा निवृत्त इंजिन ड्रायव्हर. ते ड्यूटीवर असले की आईचा घास घशाखाली उतरायचा नाही. 'रेल्वेतला सोडून कुणीही आण,' असं तिनं मला बजावून ठेवलं होतं.

"थोडं थांबाल?" मी म्हणाले. तो थांबला. घाबरत होते ती मीच.

आणि ती दुपार आली. सकाळपासून वारा झोडपत होता. छोटी गाडी डोंगरातल्या स्टेशनातून सुटली, पण पुढच्या स्टेशनात पोचलीच नाही. फोन लागेनात.

स्टेशन मास्तर आत आले. "बोगद्यापाशी दरड कोसळलीय. तू फक्त 'उशिरा' एवढंच म्हण. तुझा आवाज हलला तर बाहेर गोंधळ उडेल."

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे..." तळहाताचा घाम साडीला पुसत मी बोलत राहिले. खिडकीखाली एक बाई बसली होती. तिची लेक त्या गाडीत होती. मी बोलायला लागले की ती उठून उभी राहायची. 'उशिरा' ऐकलं की पुन्हा बसायची. मी तिच्याकडे बघणंच सोडून दिलं.

बऱ्याच वेळानं निरोप आला. गाडी दरडीच्या आधीच थांबली होती. प्रवासी सुखरूप. एक कर्मचारी जखमी.

"कोण?" मी विचारलं.

मास्तरांनी मान हलवली. "कळलं नाही."

ड्रायव्हर, त्याचा सहायक आणि गार्ड. तिघंच तर होते गाडीवर. प्रवासी सुखरूप असल्याचं मी नीट सांगितलं, माइक बंद केला आणि भिंतीला टेकून खालीच बसले.

प्रवाशांना चिखलातून दरडीच्या अलीकडे आणलं. इथून गेलेली मदतीची गाडी त्यांना घेऊन परतली. ती फलाटाला लागल्याचं सांगून मी खिडकीशी धावले. बायका, पोरं, गाठोडी... मग ड्रायव्हर उतरला. त्याच्यामागून सहायक. दोघंही धडधाकट.

सगळ्यांत शेवटी तो उतरला. चिखलानं माखलेला, उजवा हात गुलाबी ओढणीनं गळ्यात बांधलेला.

मी जिना कसा उतरले, ठाऊक नाही. त्याच्यासमोर उभी राहिले आणि तोंडून भलतंच निघालं.

"ओढणी कुणाची?"

"एका प्रवासी मुलीची. गाडी थांबताना आपटलो, तिनं बांधली." तो हसला. "परत करायचीय."

"मी करीन."

"बरं."

"मला फार भीती वाटली," मी म्हणाले. "रोज वाटेल. तरीही... तुम्हीच हवे आहात मला."

डाव्या हातानं त्यानं माझा हात घट्ट धरला. त्याचाही हात गार पडला होता.

दवाखान्यात प्लास्टर घालून घेतलं आणि मी त्याला तसंच घरी नेलं. आईनं दार उघडलं. त्याचा चिखलाचा गणवेश बघितला, मग माझे सुजलेले डोळे.

"दुपारभर वाट बघितलीस?"

मी मान डोलावली.

"मग आता मी नाही म्हणून काय होणार आहे?" ती बाजूला झाली. "ये रे, आत बस."

आतून बाबांनी विचारलं, "कोण आलंय?" इंजिनाच्या आवाजानं त्यांचे कान कधीच गेले होते. आई नेहमीसारखी ओरडून बोलली, आणि जिन्यातल्या सगळ्या बिऱ्हाडांना एकदमच कळलं.

"अहो, जावई आलाय, जावई."